रेघेवर उभा केलेला मतदार

नोव्हेंबर २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प दुसऱ्यांदा निवडून आले आणि अमेरिकेच्या राजकारणावर लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांत एक जुना वाद पुन्हा पेटला. एका बाजूचे म्हणणे असे की अमेरिका हा मुळातच उजवीकडे झुकलेला देश आहे. दुसरी बाजू म्हणते की लोक मनातून डावेच आहेत, पैसा आणि प्रचार यांच्यामुळे त्यांची वाट चुकते. तिसरी बाजू सांगते की बहुसंख्य अमेरिकी मध्यावर उभे आहेत आणि दोन्ही पक्ष त्यांना तिथेच सोडून टोकांकडे निघून गेले आहेत. तिन्ही बाजू सर्वेक्षणांचे आकडे पुढे करतात आणि तिघांचेही आकडे बहुधा खरे असतात. मराठी वृत्तपत्रांतले लेख असोत की अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतल्या गप्पा, तिथेही हा वाद याच तीन साच्यांतून येतो. मला या वादाचा पायाच चुकीचा वाटतो. एखादा अमेरिकी नागरिक जेव्हा स्वतःला उदारमतवादी, परंपरावादी किंवा मध्यममार्गी म्हणवतो, तेव्हा तो मुख्यतः आपण कोणांपैकी आहोत हे सांगत असतो. सरकारने काय करावे याविषयीचे त्याचे मत त्या एका शब्दात सामावलेले असतेच असे नाही. पुष्कळदा ते त्या शब्दाच्या उलट असते. म्हणून या उत्तरांची बेरीज करून देशाचा कल ठरवणे आणि तो कल म्हणजेच जनादेश समजून कायदे करणे किंवा मोडणे, ही केवळ अभ्यासकांची चूक राहत नाही. तिच्यामुळे लोकांनी नेमक्या प्रश्नाला दिलेली नेमकी उत्तरे डावलली जातात.

आधी आकडे पाहू. गॅलप ही संस्था वर्षभरातल्या आपल्या मुलाखतींची सरासरी काढून ही विभागणी प्रसिद्ध करते. १९९२ मध्ये स्वतःला परंपरावादी म्हणवणारे ३६ टक्के, मध्यममार्गी ४३ टक्के आणि उदारमतवादी १७ टक्के होते. २०२४ मध्ये हे प्रमाण अनुक्रमे ३७, ३४ आणि २५ टक्के झाले. तीन दशकांत शीतयुद्धोत्तर भरभराट आली आणि ओसरली, दोन मोठी युद्धे झाली, २००८ चे आर्थिक संकट आले, समलिंगी विवाहाला देशभर मान्यता मिळाली, आणि तरीही परंपरावाद्यांचा आकडा जवळजवळ जागचा हलला नाही. देश उजवा आहे असे म्हणणाऱ्यांना यापेक्षा भक्कम पुरावा कोणता हवा? पण याच पुराव्याला साठ वर्षांपूर्वीच एक मोठा तडा गेलेला आहे. लॉइड फ्री आणि हॅडली कँट्रिल या दोन संशोधकांनी १९६४ मध्ये सर्वेक्षणे केली, त्यांत लोकांना दोन प्रकारचे प्रश्न विचारले होते. सरकारने लोकांच्या व्यवहारात ढवळाढवळ करावी का, गरिबी हा गरिबाचाच दोष आहे का, असे तत्त्वाचे प्रश्न विचारल्यावर साधारण निम्मे लोक परंपरावादी ठरले. शाळांना सरकारी मदत द्यावी का, वृद्धांच्या औषधपाण्याची सोय सरकारने करावी का, बेकारी हटवण्यासाठी सरकारने हातपाय हलवावेत का, असे कामाचे प्रश्न विचारल्यावर सुमारे दोनतृतीयांश लोक उदारमतवादी ठरले. जवळपास चौथा हिस्सा लोक तर एकाच वेळी दोन्ही होते. पुढे क्रिस्टोफर एलिस आणि जेम्स स्टिमसन यांनी कित्येक दशकांची सर्वेक्षणे एकत्र करून दाखवले की ही त्या एका वर्षाची नवलाई नव्हती. अमेरिकी जनमताचे ते टिकाऊ लक्षण आहे.

असे का होते? एक कारण त्या शब्दातच आहे. इंग्रजी बोलणाऱ्या अमेरिकी माणसाला ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ हा शब्द राजकारणाच्या कितीतरी आधी घरात आणि चर्चमध्ये भेटतो. जो रविवारी प्रार्थनेला जातो, जपून खर्च करतो, मुलांना शिस्तीत वाढवतो आणि नीटनेटके कपडे घालतो, तो स्वतःला त्या शब्दात ओळखतो आणि त्याचे ते ओळखणे अगदी खरे असते. सर्वेक्षक त्याला विचारतो ते मात्र राजकारणाविषयी. तो उत्तर देतो आपल्या जगण्याविषयी, आणि तक्त्यात त्या उत्तराची नोंद करकपातीच्या बाजूने होते. २००९ मध्ये आरोग्यविम्याच्या कायद्यावरून सभा गाजत होत्या, तेव्हा दक्षिण कॅरोलायनात एका गृहस्थांनी आपल्या खासदाराला बजावले की सरकारने माझ्या मेडिकेअरला हात लावू नये. मेडिकेअर ही १९६५ च्या कायद्याने आलेली, वृद्धांच्या आरोग्यविम्याची सरकारी योजना असल्यामुळे देशभर त्या माणसाची चेष्टा झाली. मला ती चेष्टा तेव्हाही अन्यायाची वाटली होती. आयुष्यभर पगारातून त्या योजनेसाठी रक्कम कापून घेतली गेलेल्या माणसाला ती आपली कमाई वाटते. ‘सरकार’ या शब्दाने त्याच्या डोळ्यांसमोर येते ती दूरच्या राजधानीतली, आपल्याला न विचारता निर्णय घेणारी सत्ता. त्याला योजना हवी आहे आणि त्या सत्तेवर त्याचा विश्वास नाही, या दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असू शकतात. त्याला रेघेवरच्या एकाच बिंदूवर उभे करायचा हट्ट आपला आहे.

ती रेघ तरी कुठून आली? १७८९ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजाला नकाराधिकार असावा की नसावा यावर खल चालला होता. तो असावा म्हणणारे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसले आणि नसावा म्हणणारे डाव्या हाताला. एका सभागृहात एका प्रश्नावर पडलेले ते दोन गट होते. पुढे त्याच दोन दिशांना धर्म, मालमत्ता, मजुरी, स्त्रियांचे हक्क, साम्राज्य, वंश असे सगळे प्रश्न एकामागून एक चिकटवले गेले, जणू त्या साऱ्यांचे उत्तर राजाच्या नकाराधिकारातूनच निघते. अमेरिकेत तर शब्दही स्थिर राहिले नाहीत. युरोपात ‘लिबरल’ म्हणजे खुल्या व्यापाराचा आणि मर्यादित सरकारचा पुरस्कर्ता. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी तो शब्द आपल्या न्यू डीलसाठी, म्हणजे सरकारच्या वाढत्या जबाबदारीसाठी घेतला, तेव्हा त्यांच्याआधीचे राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर खरा उदारमतवाद आपलाच आहे असे हट्टाने सांगत राहिले आणि वाद हरले. १९८८ च्या निवडणुकीपर्यंत त्याच शब्दाची अवस्था अशी झाली, की रिपब्लिकन उमेदवार थोरले जॉर्ज बुश तो शिवीसारखा वापरत होते आणि डेमोक्रॅट उमेदवार मायकेल डुकाकिस यांनी, होय, मी रूझवेल्ट, ट्रूमन आणि केनेडी यांच्या परंपरेतला उदारमतवादी आहे, असे जाहीरपणे म्हणायला ऑक्टोबरचा शेवट उजाडला. नाव सांगण्याचीच लोकांना लाज वाटू लागली, तर नाव घेणाऱ्यांची संख्या कमी होईल. तेवढ्यावरून निवृत्तिवेतन आणि वृद्धांचा आरोग्यविमा नको असणाऱ्यांची संख्या वाढली असे कसे मानता येईल?

इतिहासात थोडे मागे गेले तर ही रेघ पदोपदी तुटलेली दिसते. १८९२ मध्ये ओमाहा येथे भरलेल्या पीपल्स पार्टीच्या अधिवेशनाने चढत्या दराचा प्राप्तिकर मागितला, रेल्वे सरकारी मालकीची करा म्हटले, आणि त्याच बैठकीत परदेशांतून येणाऱ्या नको असलेल्या लोकांना रोखण्याचीही मागणी केली. त्या पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जेम्स वीव्हर यांना दहा लाखांहून अधिक मते पडली. हे लोक डावे की उजवे? सावकारांच्या आणि सोन्याच्या चलनाच्या विरोधात १८९६ मध्ये शेतकऱ्यांचा आवाज झालेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन १९२५ मध्ये टेनेसीतल्या डेटन गावी उत्क्रांतिवाद शिकवणाऱ्या शिक्षकाच्या विरोधात सरकारपक्षाकडून उभे राहिले. चरित्रकारांनी त्यांचे दोन तुकडे करून पाहिले, पण ब्रायन यांच्या स्वतःच्या मनात दोन्ही लढे एकच होते. साध्या माणसाचे पोट आणि साध्या माणसाची श्रद्धा, दोन्ही बलिष्ठांच्या हातून वाचवायची, अशी त्यांची भावना होती. मराठी वाचकाला तर हे कोडे वाटण्याचे कारणच नाही. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला परकीय सरकारचा हस्तक्षेप म्हणून विरोध करणारे टिळक राजकारणात जहालांचे अग्रणी होते आणि सामाजिक सुधारणांचे कळकळीचे पुरस्कर्ते रानडे राजकारणात नेमस्त. १९०७ च्या सुरतेच्या मांडवात जी विभागणी झाली, ती १८९१ च्या वादावर लावून पाहिली तर माणसे उलटसुलट होतात. त्या काळातल्या एखाद्या पुणेकराला ‘तू कोणत्या टोकाकडचा’ असे विचारले असते, तर त्याने आधी कशाबाबत म्हणून विचारले असते. हा उलट प्रश्न विचारण्याची सोयच अमेरिकी सर्वेक्षणातल्या त्या रकान्यांत नाही.

आता विरोधी बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा मान्य करून पुढे जायला हवे. तो असा, की ही सारी जुनी गुंतागुंत आता सरळ झाली आहे. १९६४ चा नागरी हक्क कायदा सिनेटमध्ये संमत झाला तेव्हा रिपब्लिकन पक्षाच्या २७ सदस्यांनी बाजूने व ६ जणांनी विरोधात मत दिले, तर डेमोक्रॅट पक्षाचे ४६ बाजूने व २१ विरोधात होते. आयझेनहॉवर यांच्या काळात प्राप्तिकराचा सर्वोच्च दर ९१ टक्के होता, आणि पर्यावरण संरक्षणाची केंद्रीय संस्था १९७० मध्ये निक्सन यांनी उभी केली. तेव्हाचे पक्ष खिचडीसारखे होते. इतके की १९५० मध्ये राज्यशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेच्या समितीने दोन्ही पक्षांत स्पष्ट फरक असावा अशी जाहीर शिफारस केली होती. आज तो फरक आला आहे. गॅलपच्याच आकड्यांनुसार १९९४ मध्ये रिपब्लिकनांपैकी ५८ टक्के स्वतःला परंपरावादी म्हणत आणि २०२४ मध्ये ७७ टक्के. डेमोक्रॅटांपैकी उदारमतवादी म्हणवणारे २५ टक्क्यांवरून ५५ टक्क्यांवर गेले. अमेरिकी काँग्रेसमधल्या, म्हणजे तिथल्या संसदेतल्या, मतदानाचा कीथ पूल आणि हॉवर्ड रोझेन्थल यांनी केलेला अभ्यास तर सांगतो, की तिथली बहुसंख्य मते एकाच रेघेने समजावून देता येतात. मग लेबल निरुपयोगी कसे? एखाद्याने लेबल सांगितले की त्याचे मत कुणाला जाणार हे बऱ्याच खात्रीने सांगता येते, हे मला पूर्ण मान्य आहे.

पण या यशाचा अर्थ काय, हे नीट पाहिले पाहिजे. काँग्रेसच्या सदस्यापुढे येणारे प्रस्ताव पक्षनेतृत्वाने निवडलेले असतात, त्यावर पक्षाचा दबाव असतो, आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ यापलीकडे त्याला बोलता येत नाही. तिथे रेघ दिसली तर ती आखूनच दिलेली असते. बाहेरच्या नागरिकाची गोष्ट वेगळी आहे. ब्रिगम यंग विद्यापीठातल्या मायकेल बार्बर आणि जेरेमी पोप या संशोधकांनी ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीच्या प्रारंभी एक साधा प्रयोग केला. ट्रम्प यांनी किमान वेतनासारख्या अनेक विषयांवर वेगवेगळ्या वेळी परस्परविरोधी विधाने केलेली होती. त्याचा उपयोग करून काही रिपब्लिकन मतदारांना सांगितले की ट्रम्प यांचा अमुक डाव्या धोरणाला पाठिंबा आहे, आणि काहींना सांगितले की त्याच विषयावर त्यांचा उजव्या धोरणाला पाठिंबा आहे. पुष्कळ मतदार नेता जिकडे गेला तिकडे सरकले, आणि स्वतःला ठाम परंपरावादी म्हणवणारेही त्यांत होते. हे फक्त प्रयोगशाळेत घडते असे समजू नये. १९९३ मध्ये नाफ्टा या व्यापार कराराला प्रतिनिधिगृहात रिपब्लिकनांची १३२ मते मिळाली आणि डेमोक्रॅटांची १०२. खुला व्यापार ही तेव्हा परंपरावादाची खूण होती. २०१८ पासून आयातकर हे रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षाचे आवडते हत्यार झाले, आणि स्वतःला परंपरावादी म्हणवणारे लोक त्या शब्दासकट पलीकडच्या काठावर गेले. गॅलपच्या तक्त्यात यातले काहीही उमटले नाही, कारण त्या तक्त्यात मोजले जात होते ते माणसाचे त्या गटातले असणे. ते मतपेटीतले वर्तन चांगले सांगते यात नवल नाही. धोरण मात्र त्यातून वाचता येत नाही.

दुसरा आक्षेपही वजनदार आहे. तो म्हणतो की मग एकेका प्रश्नावरचे कौल तरी कुठे विश्वसनीय आहेत? गरिबांना मदत करण्यावर सरकार फार कमी खर्च करते का, असे विचारले तर बहुसंख्य लोक हो म्हणतात. ‘वेल्फेअर’ हा शब्द घालून तेच विचारले की पाठिंबा कोसळतो. फिलिप कॉन्व्हर्स यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवले होते की १९५६ ते १९६० या काळात त्याच माणसांना तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले असता काही प्रश्नांवर अनेकांची उत्तरे नाणे उडवल्यासारखी बदलत होती, आणि खऱ्या अर्थाने विचारसरणीच्या चौकटीतून राजकारण पाहणारे लोक जेमतेम अडीच टक्के होते. शिवाय फुकटात मिळणाऱ्या गोष्टीला हो म्हणणे सोपे असते. ‘लोक मनातून डावे आहेत’ असे सर्वेक्षणांच्या जोरावर सांगणाऱ्यांनी या आक्षेपाला कधी सरळ उत्तर दिलेले माझ्या पाहण्यात नाही, आणि म्हणून त्यांची बाजूही मला लंगडी वाटते.

या आक्षेपाला उत्तर शोधायचे तर सर्वेक्षणापेक्षा मतपत्रिकेकडे जावे लागते. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत मतदारांना उमेदवाराबरोबरच थेट कायद्यावर किंवा घटनादुरुस्तीवर मत देता येते. तिथे उत्तराचे परिणाम भोगावे लागतात, दोन्ही बाजूंचा प्रचार महिनोन्‌महिने चालतो, आणि माणूस तोच, दिवस तोच, कागदही तोच असतो. फ्लोरिडाने २०२० मध्ये ट्रम्प यांना निवडले आणि त्याच दिवशी किमान वेतन ताशी १५ डॉलरवर नेणारी घटनादुरुस्ती जवळपास ६१ टक्के मतांनी संमत केली. कॅन्ससने ऑगस्ट २०२२ मध्ये गर्भपाताचा हक्क काढून घेणारी दुरुस्ती ५९ विरुद्ध ४१ टक्के अशी फेटाळली. हे राज्य १९६४ नंतर एकदाही डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्षाच्या बाजूने गेलेले नाही. युटा, आयडाहो आणि नेब्रास्का या पक्क्या रिपब्लिकन राज्यांनी २०१८ मध्ये गरिबांसाठीची मेडिकेड योजना थेट मतदानाने वाढवली, आणि युटाच्या प्रस्तावात तर त्यासाठी विक्रीकर ४.७० वरून ४.८५ टक्क्यांवर नेण्याचे कलम स्पष्ट लिहिलेले होते. खर्च सांगितला की पाठिंबा विरघळतो, असे म्हणणाऱ्यांनी युटाकडे पाहावे. पण डाव्यांनीही हुरळून जाऊ नये, कारण कॅलिफोर्निया समोर आहे. २००८ मध्ये बराक ओबामा यांना ६१ टक्के मते देणाऱ्या त्या राज्याने त्याच दिवशी समलिंगी विवाहावर बंदी घातली. २०२० मध्ये बायडन यांना तिथे ६३ टक्क्यांहून अधिक मते मिळाली, आणि त्याच मतपत्रिकेवर सरकारी नोकऱ्या व विद्यापीठप्रवेशांत वंशाचा विचार पुन्हा करू देणारा प्रस्ताव ५७ टक्क्यांनी पडला. २०२४ मध्ये चोरी आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांची शिक्षा कडक करणारा प्रस्ताव राज्यपालांचा विरोध असूनही दोनतृतीयांशाहून अधिक मतांनी जिंकला. या साऱ्या निकालांना जोडणारी एक रेघ कोणाला काढता येत असेल तर त्याने ती काढून दाखवावी.

मध्याविषयीही बोलले पाहिजे, कारण तिसऱ्या बाजूचा युक्तिवाद ऐकायला सर्वांत सालस वाटतो. मध्यममार्गी ३४ टक्के, स्वतःला कोणत्याच पक्षाचे न म्हणवणारे ४० टक्क्यांहून अधिक. मग हा प्रचंड मध्य कोणाचा? हेरॉल्ड हॉटेलिंग यांनी १९२९ मध्ये अधिक गिऱ्हाइकांसाठी मध्याकडे सरकत जाणाऱ्या, एका रस्त्यावरच्या दोन दुकानांचा दृष्टांत दिला होता आणि अँथनी डाउन्स यांनी १९५७ मध्ये तो राजकीय पक्षांना लावला. तेव्हापासून मध्यावरचा मतदार हा जणू प्रत्यक्ष भेटता येण्याजोगा गृहस्थ आहे असे लोक बोलत आले आहेत. पण जो माणूस स्थलांतर पूर्ण थांबवा म्हणतो आणि आरोग्यसेवा पूर्ण सरकारी करा म्हणतो, तो सरासरीने मध्यात येतो. त्याला मवाळ कोण म्हणेल? डेव्हिड ब्रूकमन यांनी दाखवले की मध्यावर दिसणाऱ्यांपैकी अनेकांची मते अशी एकेका प्रश्नावर तीव्र आणि परस्परविरुद्ध दिशांची असतात. याला उत्तर म्हणून अँथनी फाउलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये मांडले की खरोखरच बहुतेक प्रश्नांवर मधले मत असणारेही पुष्कळ आहेत. मला ते पटते. म्हणजे ‘मध्यममार्गी’ या एका रकान्यात निदान तीन प्रकारची माणसे बसवलेली आहेत: खरोखर मवाळ, दोन्हीकडे तीव्र, आणि ज्यांना त्या शब्दांशी काही देणेघेणेच नाही अशी. या तिसऱ्या प्रकाराकडे कोणी पाहत नाही याचे मला विशेष वाईट वाटते. अमेरिकेतला जो राष्ट्रीय निवडणूक अभ्यास १९७२ पासून सात पायऱ्यांच्या पट्टीवर लोकांना उभे करतो, त्यात ‘मी याचा फारसा विचार केलेला नाही’ असे उत्तर देण्याची मुभा आहे, आणि ते उत्तर बरेचदा चौथ्या हिश्श्याच्या आसपास लोक देतात. आलेख काढताना त्यांना वगळले जाते. त्यांनी वेतनाचा, भाड्याचा, औषधांच्या किमतीचा विचार केलेला नसतो का? त्यांनी फक्त पट्टीचा विचार केलेला नसतो.

रेघेऐवजी दोन अक्ष घ्या, असे सुचवणारेही आहेत. डेव्हिड नोलन यांनी १९७१ च्या सुमारास आर्थिक आणि वैयक्तिक स्वातंत्र्याचे दोन अक्ष घेऊन एक चौकोन मांडला, आणि त्याच सुमारास त्यांनी स्थापनेत भाग घेतलेल्या लिबर्टेरियन पक्षाला त्यात आपला स्वतंत्र कोपरा मिळाला. ली ड्रटमन यांनी २०१६ च्या मतदारांना अशाच दोन अक्षांवर मांडले तेव्हा त्या कोपऱ्यात चारेक टक्केच लोक सापडले, आणि त्याच्या समोरच्या, म्हणजे अर्थकारणात डाव्या पण राष्ट्र-समाजाच्या प्रश्नांवर उजव्या अशा कोपऱ्यात जवळजवळ २९ टक्के. ओमाहाच्या अधिवेशनातले लोक शंभर सव्वाशे वर्षांनी तिथेच उभे होते आणि ट्रम्प यांनी सोशल सिक्युरिटी ही निवृत्तिवेतनाची सरकारी योजना व मेडिकेअर यांना हात लावणार नाही असे सांगून त्यांनाच हाक घातली होती. दोन अक्ष एकापेक्षा बरे. तरीही अमेरिकेचे डेमोक्रॅट युरोपात उजवे ठरले असते, हे सर्रास ऐकू येणारे वाक्य तपासले की दोन अक्षही अपुरे पडतात. सर्वांना आरोग्यविमा देण्याच्या बाबतीत ते वाक्य खरे आहे. पण १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीपासून अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेल्याला नागरिकत्व मिळते आणि डेमोक्रॅट पक्ष त्याच्या ठामपणे पाठीशी आहे. युरोपातले बहुतेक देश असे नागरिकत्व सरसकट देत नाहीत. गर्भपाताची मुदत फ्रान्समध्ये १४ आठवड्यांची आहे, ती डेमोक्रॅट पक्षाला मान्य होण्यासारखी नाही.

आपल्या लोकांचे उदाहरण घेतले तर हे अधिक जवळून दिसते. कार्नेगी एन्डाउमेंटच्या सर्वेक्षणांनुसार २०२० मध्ये भारतीय वंशाच्या ७२ टक्के मतदारांचा कल बायडन यांच्याकडे होता आणि २०२४ मध्ये डेमोक्रॅट उमेदवार कमला हॅरिस यांच्याकडे सुमारे ६१ टक्क्यांचा. याच संस्थेच्या अभ्यासात असेही आढळले की हे लोक अमेरिकेतल्या प्रश्नांवर जितके उदार असतात तितके भारतातल्या प्रश्नांवर नसतात. जिथे आपण अल्पसंख्य असतो तिथे आणि जिथे बहुसंख्य असतो तिथे माणूस एकाच प्रश्नाकडे वेगळ्या जागेवरून पाहतो. ते दुटप्पीपणाचे आहे असे मला वाटते, पण ते पट्टीवरच्या एका आकड्यात मावत नाही हेही तितकेच खरे. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात जातिभेदावर स्पष्ट बंदी घालणारे विधेयक आले. अमेरिकेतल्या आंबेडकरी संघटनांनी त्यासाठी जिवापाड कष्ट घेतले. दुसऱ्या बाजूला अनेक हिंदू संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला. विधेयक एका डेमोक्रॅट सदस्येने आणले, डेमोक्रॅट बहुमताच्या विधिमंडळाने ते संमत केले, आणि प्रचलित कायद्यात हे संरक्षण आधीच आहे असे कारण देऊन डेमोक्रॅट राज्यपालांनीच ते परत पाठवले. त्या उन्हाळ्यात सॅक्रामेंटोच्या सभागृहाबाहेर तासन्‌तास उभ्या राहिलेल्या दोन्ही बाजूंच्या माणसांना ‘तुम्ही उदारमतवादी की परंपरावादी’ असे विचारून त्यांच्यातला खरा वाद किती कळला असता?

एवढा आग्रह कशासाठी, असे कोणी विचारेल. सर्वेक्षणातला एक रकाना चुकला तर चुकला. पण लोकप्रतिनिधी त्या रकान्याच्या भरवशावर राज्य करतात. मिझुरीत नोव्हेंबर २०२४ मध्ये ट्रम्प सुमारे १८ टक्क्यांच्या फरकाने जिंकले. त्याच मतपत्रिकेवर तिथल्या मतदारांनी गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घालणारी दुरुस्ती जवळपास ५२ टक्के मतांनी संमत केली, आणि ५७ टक्क्यांहून अधिक मतांनी किमान वेतन १५ डॉलर करून कामगारांना आजारपणाची पगारी रजा देणारा कायदा केला. ही माणसे गोंधळलेली होती असे मला वाटत नाही. राष्ट्राध्यक्ष कोण असावा, वेतन किती असावे आणि गरोदर स्त्रीच्या बाबतीत निर्णय कोणी घ्यावा, हे तीन वेगळे प्रश्न त्यांना वेगळे विचारले गेले आणि त्यांनी तीन उत्तरे दिली. राज्याची राजधानी जेफर्सन सिटी इथल्या विधिमंडळाने त्यांतले पहिले उत्तर तेवढे ऐकले. राज्य परंपरावादी आहे, मतदारांची त्या प्रस्तावांत दिशाभूल झाली, असे सांगत २०२५ मध्ये बहुमताने पगारी रजेची तरतूद रद्द करण्यात आली. मे महिन्यात ती लागू होऊन ऑगस्टअखेर संपलीसुद्धा. आणि गर्भपाताविषयीची दुरुस्ती मागे घेण्यासाठी त्याच मतदारांपुढे पुन्हा मतपत्रिका ठेवण्याचा ठराव त्याच अधिवेशनात झाला.